चालू इंजिनाची तार

शेवटचं आम्ही दोघांनी मिळून काय केलं, तर एका भाजीच्या टेम्पोवरून भांडलो. रोज तेच करायचो, म्हणून त्या दिवशी काही वेगळं वाटलं नाही. टेम्पोवाला मार्केटात माल उतरवून उरण नाक्यावर आला, चहासाठी थांबला, परत सेल्फ मारला तर नुसतं टक्-टक्. चार जणांनी ढकलत आमच्या दारात आणला. बॅटरी गेली असं समजून तो आधी बाळारामच्या गाळ्यात शिरला. बाळाराम म्हणजे माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. त्याचं दुकान बॅटरीचं, माझं वायरिंग, सेल्फ आणि अल्टरनेटरचं. दोन गाळ्यांच्या मधे एकच पत्रा. तो शिंकला तर मला कळायचं आणि मी शिवी दिली तर त्याला. त्यानं बॅटरीची बुचं काढली, काचेची नळी एकेका खणात बुडवून ॲसिड वर ओढलं, आतला तरंगता काटा डोळ्यापुढे धरला आणि पत्र्याकडे तोंड करून ओरडला, "बॅटरी वाघासारखी हाय. उपाशी हाय एवढंच! खायला घालनारा पलीकडं बसलाय, त्याला इचारा."

मी आतूनच म्हणालो, "वाघाला दात आहेत का बघ आधी. तूच विकलेली असेल तर नसतीलच."

टेम्पोवाला म्हणाला, "काका, तुमी दोघं ठरवा, मी तंवर वडा खाऊन येतो." शहाणा होता. आम्ही दुसरी बॅटरी लावून इंजिन चालू केलं. इंजिन चालू झालं की बाळाराम दोन पावलं मागे सरायचा आणि हात पाठीमागे बांधून उभा राहायचा. शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखा. तसाच उभा राहिला. मी अल्टरनेटरच्या मागच्या अंगाला पेचकस धरला. तो लोहचुंबकाला चिकटावा तसा ओढला गेला पाहिजे, म्हणजे आत जीव आहे. ओढला गेला. मग इंजिन बंद करून पट्ट्यावर अंगठा दाबला, तर पट्टा झोळीसारखा खाली. पट्टा ढिला होता! बॅटरीचा दोष नाही, अल्टरनेटरचा नाही, म्हणून आमची दोघांची तोंडं पडली. पट्टा ताणला, परत इंजिन सुरू केलं, आणि मी सवयीनं त्याला डिवचलं, "काय रे, काढतोस का तार?"

नेहमी तो दुसरीकडे बघायचा. त्या दिवशी माझ्याकडे बघून म्हणाला, "दाजी, तुमी मरंस्तवर हेच इचारनार काय?"

"मी नाही. तू मरेस्तोवर," मी म्हणालो.

तो हसला. संध्याकाळी पत्र्यावर पाना मारून "जातो" म्हणाला. मी उत्तर दिलं नाही. कधीच देत नव्हतो.

आता नाक्यावर त्याचा फोटो लावलाय. हार घातलाय आणि खाली लिहिलंय, देवमाणूस. वाचून माझं डोकं फिरलं. ज्यांनी लिहिलं त्यांना तो ठाऊक होता का? माझी भाची, बाळारामची मुलगी, शाळेत शिकवते. तिनं पेपरच्या पुरवणीवाल्यांना सांगितलं की आमचे मामा, म्हणजे आत्याचे मालक, बाबांबरोबर तीस-पस्तीस वर्षं होते, ते लिहितील. पुरवणीवाले म्हणाले, आठवणी लिहा, चांगलं चांगलं लिहा. मी चौथी शिकलेला माणूस. मला चांगलं आणि वाईट असं वेगळं काढून लिहिता येत नाही. एकाच बॅटरीला दोन टोकं असतात, एक काढून ठेवलं तर बल्ब लागत नाही. म्हणून होतं तसं लिहितोय. नको असेल तर छापू नका.

साला हा शब्द आपल्याकडे नात्याचाही आहे आणि शिवीचाही. मी बाळारामला हाक मारायचो ती दोन्ही अर्थांनी. गिऱ्हाईक नवीन असलं की दचकायचं. जुनी गिऱ्हाइकं हसायची. माझं लग्न झालं तेव्हा तो जासईत मिठागरावर कामाला होता. माझ्या बायकोनं, गुलाबनं, त्याला पनवेलला आणला आणि मला म्हणाली, "शेजारचा गाळा रिकामा हाय. त्याला बॅटरीचं काम शिकू दे. गाडी बंद पडली की मानूस एक तर तुमच्याकडं येनार, नाय तर त्याच्याकडं. तिसरीकडं जानार कशाला?" हिशेब बरोबर होता. पण तिला हे कुठे ठाऊक की गाडी बंद पडली की बॅटरीवाला म्हणणार चार्जिंगचा दोष, आणि चार्जिंगवाला म्हणणार बॅटरीचा. आम्ही शेजारी बसलो आणि आयुष्यभर एकमेकांकडे बोट दाखवत राहिलो.

काम त्याला पटकन आलं, हे मान्य केलं पाहिजे. टर्मिनलवर पांढरा चुना धरला की गरम पाणी ओतून तो असा साफ करायचा की तांब्याचं भांडं वाटावं. वासावरून सांगायचा कुठल्या खणात ॲसिड उकळतंय. पण त्याला नाटकाची फार हौस. तेव्हा गाड्यांना डायनॅमो असायचे. डायनॅमो चार्ज करतोय का बघायची एक अडाणी रीत होती, आम्ही सगळेच करायचो. इंजिन चालू ठेवायचं आणि बॅटरीची तार काढायची. इंजिन चालूच राहिलं तर डायनॅमो पास, घरघरून बंद पडलं तर नापास. बाळाराम हे गिऱ्हाइकासमोर जादूगारासारखं करायचा. एका हातात तार उंच धरायचा, दुसरा हात कमरेवर. "बघा शेट! बॅटरी गेली सुट्टीवर, गाडी चाललीय का नाय?" शेट खूश. रस्त्यावरची माणसं थांबून बघायची.

मग अल्टरनेटर आले. बंदराचं काम सुरू झालं, त्या बाजूचे रस्ते कंटेनरच्या ट्रेलरनी भरले, नव्या गाड्या आल्या, आणि सगळ्यांना अल्टरनेटर. मला पहिल्या काही दिवसांत धडा मिळाला. अल्टरनेटरच्या पोटात बटणाएवढे डायोड असतात. ते वीज एकाच बाजूला जाऊ देतात, उलटी येऊ देत नाहीत. चालू इंजिनाची तार काढली की विजेला जायला जागा राहत नाही, ती उसळते आणि डायोड फोडून टाकते. आणि फुटलेला डायोड चार्ज करणं सोडा, उलटा बॅटरीचंच रक्त पितो. मी बाळारामला गाळ्यात बसवून हे दाखवलं. डायोड बाहेर काढून, बल्ब लावून. एका बाजूनं तार लावली की बल्ब लागतो, उलटी लावली की लागत नाही, तो डायोड चांगला. दोन्ही बाजूंनी लागला की मेला. त्यानं स्वतः करून बघितलं. समजलं त्याला. आणि वर काय म्हणाला? "तुमचा अल्टरनेटर म्हंजे नवी नवरी हाय काय दाजी, हात लावला की रुसते?"

हात लावूच नकोस, मी म्हणालो. इतकंच. आणखी कसं सांगायचं असतं?

त्याच्याकडे एक जुनी पेट्रोलची जीप होती. तिचे दिवे इतके मंद की पेटवलेत की नाहीत ते पुढे जाऊन बघावं लागे. गुलाबनं माझ्यामागे टुमणं लावलं, म्हणून मी तिचा डायनॅमो काढून एक अल्टरनेटर बसवला. जुना होता, पण मी तो सगळा खोलून, साफ करून, ब्रश बदलून बसवला होता. बोल्टांवर लाल रंगाचे ठिपके दिले. माझं काम ओळखायला मी तसे देतो. दिवे लख्ख लागले. बाळारामला ते आवडलं आणि आवडलं नाही. "डायनॅमो बरा व्हता, गरीब व्हता," म्हणायचा.

श्रावण होता. पाऊस लागलेला. जासईहून निरोप आला की आईला बरं नाही, दोघांची नावं घेतेय, लगेच निघा. आई म्हणजे गुलाबची आणि बाळारामची. बाळारामनं जीप माझ्या दारात आणून उभी केली. गुलाब पुढच्या सीटवर जाऊन बसली. इंजिन चालू होतं, बॉनेट वर होतं, आणि बाळाराम बॉनेटच्या पलीकडे. मी घरात होतो, कारण गुलाबनं हाक मारून सांगितलं की देव्हाऱ्यातला गंगेचा गडू घ्या, आईच्या तोंडात पाणी घालायला लागेल. मी गडू उचलला, आणि तेवढ्यात इंजिनाचा आवाज बदलला. एकदम उचलला गेला, जसा झोपेतला माणूस दचकतो, आणि मग परत खाली बसला. मी बाहेर आलो. बाळाराम बॉनेट पाडत होता आणि हात पँटला पुसत होता.

"काय केलंस?"

"काय नाय. पानी बघितलं."

मी बसलो. त्या वेळी भांडायला वेळ नव्हता.

करंजाडे मागे टाकलं तोवर वायपर म्हाताऱ्यासारखा चालायला लागला होता. दिवे पिवळे पडले. हॉर्न दाबला तर मेंढी ओरडावी तसा. मी बाळारामला म्हणालो, दिवे बंद कर. तो म्हणाला, समोर काय दिसत नाय. आणि गव्हाण फाट्याच्या अलीकडे, दोन्ही बाजूंना पाणी भरलेली मिठागरं, मधे रस्ता, तिथे जीप खोकली आणि बंद पडली. मी उतरून बॉनेट उघडलं. अल्टरनेटरला हात लावला तर तव्यासारखा गरम. ढकलून बघितली, पण बॅटरीत ठिणगीपुरताही करंट नव्हता, ढकलून काय उपयोग. पावसात आम्ही दोघं एकमेकांवर ओरडत होतो. तो म्हणत होता, "तुमचा अल्टरनेटर!" मी म्हणत होतो, "तुझी बॅटरी!" गुलाब सीटवर बसून होती, गडू पदराखाली घेऊन. कितीतरी वेळानं एक ट्रेलरवाला थांबला...

आळीत शिरलो तेव्हाच बायकांचा आवाज ऐकू आला. चुलतीनं तोंडात पाणी घातलं होतं. घरातल्या हंड्यातलं. आई शेवटी दाराकडे बघत होती, असं कोणीतरी सांगितलं. असली गोष्ट सांगायलाच पाहिजे का लोकांनी? गुलाब उंबऱ्यावर बसली. गडू तिनं खाली ठेवला नाही. बाळाराम आईच्या पायाशी पडून लहान पोरासारखा रडला. मी उभा होतो आणि मला फक्त इंजिनाचा तो आवाज ऐकू येत होता.

दिवस सरल्यावर मी जीप बघायला गेलो. अल्टरनेटर समोर असला की कितीसा वेळ लागतो? उघडायचा, डायोडला बल्ब लावायचा. फुटला असेल तर तार काढली होती. चांगला असेल तर बॅटरीचा दोष, नाहीतर माझ्या कामाचा. निकाल लागला असता. पण जीपला परत डायनॅमो लावलेला. "अल्टरनेटर कुठे?" मी विचारलं.

"भंगारवाल्याला दिला. अवलक्षनी वस्तू दारात कशाला?"

"तार काढली होतीस?"

"नाय काढली."

"मग एवढा गरम का झाला?"

"तुमचं काम कच्चं."

माझं काम कच्चं! त्या दिवसापासून मी तो प्रश्न विचारायला लागलो. गिऱ्हाइकासमोर विचारला. त्याच्या मुलीच्या साखरपुड्यात विचारला, तेव्हा लोकांनी मला बाजूला नेलं. चालू इंजिनासमोर उभे असलो की विचारायचोच, काढतोस का तार? मला माफी नको होती. माणूस चुकतो. हाताला सवय असते, डोकं दुसरीकडे असतं, आई आजारी असते, हात आपोआप जुन्या जागी जातो. एवढं मला कळत होतं. मला एक शब्द हवा होता. काढली. बस. त्यानं तो दिला नाही.

गुलाबला विचारलं. ती पुढच्या सीटवर होती, तिच्यासमोरच सगळं झालं. ती म्हणाली, "मला बॉनेट दिसत होतं." मी म्हणालो, बॉनेटच्या खालून हात तरी दिसला असेल. "बॉनेट दिसत होतं अवो." नवऱ्याची बाजू नाही, भावाची नाही, बॉनेटची बाजू. एकदा फारच झालं तेव्हा ती भडकली. "आई माझी गेली. तुमी दोघं बसा बॅटरी-अल्टरनेटर करत! मेलात तरी तेच करा." आणि दुसऱ्या दिवसापासून तिनं आमचा डबा बदलला. आधी दोन वेगळे डबे यायचे. आता एकच, चार पुडांचा. भाकऱ्या एका पुडात, कालवण एका पुडात, दोघांचं मिळून. म्हणजे एकानं दुसऱ्याच्या गाळ्यात जाऊन बसल्याशिवाय जेवण नाही. आम्ही बसायचो. सुकटीची वाटणी करताना भांडायचो. तो तुकडे मोजायचा. मीही.

गुलाबला पोटाचा आजार झाला. त्याचं इथे लिहीत नाही, डॉक्टरांबद्दल मला जे म्हणायचंय ते पुरवणीत बसायचं नाही. दवाखान्यात शेवटी शेवटी मी तिला परत विचारलं. लोक म्हणतील, अशा वेळी हे विचारतात का. मी विचारलं. तिनं डोळे उघडले आणि हसली. "बॉनेट दिसत होतं मला," म्हणाली. तिला घरी आणली. ती जायला लागली तेव्हा मी गोंधळून नुसता तिचा हात धरून बसलो होतो. गडू आणला तो बाळारामनं. देव्हाऱ्यातून उचलला, धावत आला, तिच्या तोंडात पाणी घातलं, आणि मग गडू माझ्या हातात दिला. या वेळी तो वेळेवर होता. हे त्याच्या बाजूनं लिहितोय, लिहायलाच पाहिजे.

त्यानंतर डबा त्याच्या घरून यायला लागला. वंदनाच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या हातचा. चार पुडांचाच. मला कोणी विचारलं नाही. दुपार झाली की तो पत्र्यावर पाना मारायचा, मी उठून जायचो. माणसं म्हणायची, काय जोडी आहे. जोडी कसली! एका घासाला एक टोमणा. बायको गेल्यावर घरात माझ्याशी भांडायला कोणी नव्हतं, त्यामुळे दिवसभराचं सगळं मी त्याच्यावर काढायचो. त्यानंही कधी कमी दिलं नाही. एकदा मला ताप आला, दोन दिवस गाळा बंद होता, तर हा घरी येऊन दारातून म्हणतो, "मेलाव काय बघाय आलो. नाय मेलाव. बरं." आणि पेजेचा डबा ठेवून गेला.

टेम्पोच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भाची माझ्या दारात आली. चप्पल नव्हती तिच्या पायात. पहाटे बाबांच्या छातीत कळ आली, रिक्षा आणेपर्यंत... असं म्हणाली. मी सदरा घातला आणि गेलो. बाळाराम खाली चटईवर होता, डोक्याशी दिवा. पाणी तोंडात कोणी घातलं विचारलं. भाची म्हणाली, मी घातलं. बरं. जासईची माणसं यायची होती, तोवर उचलायचं नव्हतं. बायका रडत होत्या. मी भिंतीला टेकून उभा राहिलो, आणि तेवढ्यात वंदनानं रडता रडता डोकं वर केलं आणि म्हणाली, "दाजी, चार्जर चालू हाय. लोकांच्या बॅटऱ्या हायत लावलेल्या. ते म्हनलं सकाळी जाऊन काढतो." आणि कनवटीची किल्ली काढून माझ्या हातात दिली.

मी गेलो. शटरच्या फटीतूनच ॲसिडचा वास येत होता, डोळे चुरचुरले. आत सगळ्या बॅटऱ्या उकळत होत्या, भात शिजल्यासारखा आवाज. घाईघाईत माझा हात पहिल्या चिमट्याकडे गेला, आणि थांबलो. चालू चार्जरची तार ओढली की ठिणगी पडते, आणि उकळत्या बॅटरीतून निघणारा वायू पेटायला ठिणगी पुरते. आधी बटण बंद केलं. उकळणं शांत होईपर्यंत उभा राहिलो. मग एकेक चिमटा काढला. पाणी खाली गेलं होतं, भरायला हवं होतं. डिस्टिल्ड पाण्याचा कॅन तो मागच्या फळीखाली ठेवायचा. मी खाली वाकून हात घातला, तर कॅनच्या मागे गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी जड लागलं.

बाहेर ओढलं. गोणपाट सोडायच्या आधीच मला वजनावरून कळलं काय आहे ते. बोल्टांवर माझे लाल ठिपके होते. तुटलेले. म्हणजे कोणीतरी बोल्ट काढून, आत बघून, परत लावले होते. भंगारवाल्याला दिला म्हणाला होता. इतकी वर्षं तो पत्र्याच्या पलीकडे होता, माझ्या खुर्चीपासून दोन हातांवर.

मी तिथेच मांडी घालून बसलो. त्याचेच पाने घेतले, उघडला. त्याचीच बॅटरी, त्याचाच बल्ब. पहिला डायोड, एका बाजूनं लागला, उलटा नाही. चांगला. दुसरा लावला. लागला. तारा उलट्या केल्या. लागला. परत केल्या. परत लागला. खोटं बोलत नाही बल्ब.

काढली होती त्यानं तार. माझं काम कच्चं नव्हतं, मी बरोबर होतो! ज्याला सांगायचं तो चटईवर पडला होता. आणि त्याला सांगायची गरजही नव्हती. त्यानं हे सगळं आधीच केलं होतं. बोल्ट काढले होते, बल्ब लावला होता, दोन्ही बाजूंनी लागलेला बघितला होता, मी शिकवल्यासारखा. आपल्या हातानं आपल्या आईची वाट बंद केली हे त्याला तेव्हापासून ठाऊक होतं. त्यानं तो भंगारात दिला नाही आणि मला दाखवला नाही. आणि चालू इंजिनासमोर तो हात मागे का बांधायचा, हे मला तिथे जमिनीवर बसल्यावर कळलं. इतकी वर्षं मी ते त्याची ऐट समजत होतो. गड्या, हात बांधलेस, पण तोंड उघडायला काय झालं होतं? एक शब्द. मी काय खाल्लं असतं तुला? शिव्या दिल्या असत्या. त्या नाहीतरी रोज देतच होतो.

मी मोठ्यानं म्हणालो, "तूच काढलीस, साल्या." दोन्ही अर्थांनी. गाळ्यात कोणी नव्हतं.

मग बॅटऱ्यांत पाणी भरलं. बुचं लावली. वरून ओलं फडकं मारलं, तो मारायचा तसं, नाहीतर ॲसिड सुकून चुना धरतो. अल्टरनेटरचे बोल्ट परत आवळले, गोणपाटात गुंडाळला आणि कॅनच्या मागे होता तिथे ठेवला. उठताना त्याचा पाना हातात होता. पत्र्यावर ज्या जागी तो मारायचा तिथे पोचा पडलेला, शेजारीच दुसरा पोचा उलट्या बाजूनं फुगलेला, माझ्या मारण्याचा. मी पाना मारला. इतका मोठा आवाज होतो त्याच्या बाजूला, कानात दडा बसतो... मला माहीत नव्हतं. पलीकडे माझा गाळा बंद होता. मी शटर ओढलं, कुलूप लावलं आणि त्याला खांदा द्यायला गेलो.